मेंढरातलं कुठलंबी

६ फेब्रुवारी २०२५

विद्यापीठाचं पत्र आलं. शेवटची मुदतवाढ, ३० एप्रिलपर्यंत. त्यानंतर नोंदणी आपोआप रद्द. आठ वर्षांत ही चौथी मुदतवाढ, पण आधीच्या तिन्ही पत्रांत 'शेवटची' हा शब्द नव्हता. पत्र दोनदा वाचलं आणि तासावर गेले. वर्गात अकरा पोरं होती, त्यातली चार जागी.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी केजच्या कॉलेजात अजून तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. नावापुढे डॉक्टर लागल्याशिवाय कायम होण्याचं नाव काढू नका, असं प्राचार्य दर जूनला सांगतात. नवऱ्याचं घर सोडून आबांकडे नांदूरघाटला आले त्याला दहा वर्षं झाली, त्यातली आठ या प्रबंधात गेली. म्हणजे दुसऱ्यांदा नांदले ती माशांबरोबर.

सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला. म्हणाले, "आता निकाल पाहिजे, उज्ज्वलाबाई. फरक दिसला पाहिजे. फरक नसला तर प्रबंध कशाचा?" आणि रोज काय केलं ते लिहीत जा म्हणाले. ते प्रयोगवहीबद्दल बोलत होते. प्रयोगवही मी ठेवतेच. पण तिथं रडता येत नाही, म्हणून ही दुसरी वही.

१० फेब्रुवारी

बिभीषणच्या शेततळ्यात दोन हापे लावले. हापा म्हणजे पाण्यात चार खांबांना बांधलेली जाळीची मोठी पेटी. दोन्हींत रोहू, साठ-साठ. एका हाप्यातल्या माशांना नेहमीचं खाद्य, दुसऱ्यातल्यांना त्याच खाद्यात गुळवेलीची पूड. पंचेचाळीस दिवस. गुळवेलीने माशांची प्रतिकारशक्ती वाढते का, एवढाच आठ वर्षांचा प्रश्न आहे. मागच्या वेळी तळं आटलं, त्याच्या आधीच्या वेळी सगळे मासे एका आठवड्यात मेले, त्याच्याही आधी कोरोना.

बिभीषण आमच्या शेजारच्या रानातला. गेल्या वर्षी त्याचे निम्मे मासे अंगावर लाल चट्टे येऊन मेले, म्हणून त्याला माझ्यापेक्षा जास्त घाई. दिवसातून दोनदा खाद्य टाकायचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलंय. मला मॅडम म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात 'सटव्या आबाची पोरगी' म्हणतो.

गुळवेल सुरू करण्याआधी दोन्हीकडचे सहा-सहा मासे धरून शेपटीजवळून रक्त काढलं. पाण्यात तीन तास उभी होते. कंबर कामातून गेली.

१३ फेब्रुवारी

पहिली चाचणी झाली. साधा हापा ३१, गुळवेलीचा ३२. म्हणजे सुरुवात सारखी. अशीच पाहिजे.

आबांनी संध्याकाळी विचारलं, माझ्या मेंढीचं रक्त नेऊन तू त्या माशाचं करती तरी काय. आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. सांगितलं, की माशाच्या रक्तात, लाल भाग काढून टाकल्यावर जे पिवळट पाणी राहतं ना, त्यात वीस-तीस प्रथिनं गप पडून असतात. बाहेरचं कुणी आत आलं की एक जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी सगळी मिळून त्या परक्याच्या अंगाला भोक पाडतात. तो फुटतो. याला पूरक प्रणाली म्हणतात. आपल्यासारखी रोग ओळखून हत्यारं घडवायला माशाला वेळ लागतो, थंड रक्ताचं जित्राब ते. तोवर सगळी भिस्त हिच्यावर. नाव मात्र पूरक. माझ्यासारखीच, काम सगळं करायचं आणि कायम कुणी करायचं नाही.

हे शेवटचं आबांना सांगितलं नाही. पुढचं सांगितलं. माशाच्या त्या पाण्यात मेंढीच्या रक्ताच्या लाल पेशी टाकायच्या. माशाला त्या परक्या. जितका जोर जास्त, तितक्या पेशी फुटतात आणि पाणी तितकं लाल होतं. लाली मशीन मोजतं, त्यावरून शंभरातल्या किती पेशी फुटल्या तो आकडा निघतो.

आबा म्हणाले, "म्हंजे मासा मेंढीला मारतो. आन् तुला त्यात कोन जितंल ते बघायचं." मी म्हटलं, हो, तसंच. मला हसू आलं. या घरात हसू यायला हल्ली कारण लागतं.

२ मार्च

विशेष काही नाही. दुपारी लाईट तीन-तीन तास नसते. कॉलेजचा फ्रीज बंद पडतो म्हणून माशांच्या रक्ताचं पाणी स्टँडजवळच्या आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवते. हे पाणी गरम झालं की त्यातला जोर मरतो आणि परत येत नाही. आइसक्रीमवाला आज म्हणाला, मॅडम, गिऱ्हाइकांनी तुमचा डबा पाहिला तर माझं दुकान बसेल. डब्यावर 'मँगो' लिहून दिलं. गप्प बसला.

आबा मेंढरं घेऊन वाड्यावर आहेत, कोणाच्या तरी रानात खतासाठी बसवलीत. दोन-तीन दिवसांनी जेवण घेऊन जाते. परवा म्हणाले, तांबडी आता जड झालीय, लई चालत न्हाई. रक्त आजवर तांबडीचंच घेत आलो. म्हातारी झाली असेल, पायाला तेल लावा म्हटलं.

२७ मार्च

पंचेचाळीस दिवस झाले. सकाळी सातपासून बिभीषणबरोबर तळ्यात. दोन्ही हाप्यांतले बारा-बारा मासे. गुळवेलीचे मासे चकाकतात असं तो म्हणतो. मला सगळे सारखेच दिसले. त्याला तसं सांगितलं नाही, दीड महिना हौसेने खाद्य टाकलंय बिचाऱ्याने. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मला चक्कर आली आणि एका माशाची नळी हातातून पडली. तेवीस राहिले.

२९ मार्च

साध्या हाप्याची चाचणी सकाळी झाली. ३३. ठीक. गुळवेलीच्या नळ्या लावणार तोच लाईट गेली, ती साडेचारला आली. तोवर तांबडीच्या रक्ताची बाटली टेबलावर तापली. पेशी फुटून सगळं लालभडक. फेकली.

खरं म्हणजे दोन्ही हाप्यांची चाचणी एकाच बाटलीवर, एकाच दिवशी करायची असते. आता साध्याची परत करायला हवी. पण त्याच्या बारा नळ्या म्हणजे अख्खा एक दिवस, आणि लाईटचा भरवसा नाही. अंगात जीवही नाही. राहू दे. मेंढी तीच तर असणार.

आबांना फोन केला, परवा सकाळी ताजं रक्त पाहिजे. म्हणाले, तांबडीला सुई लावता यायची न्हाई, गाभण हाय, गाभण जित्राबाला लोखंड लावत न्हाईत. बाकीच्या बऱ्याच मेंढ्याही गाभण आहेत म्हणे. मी वैतागले होते, मागे प्राचार्य उभे होते. म्हटलं, "आबा, मेंढरातलं कुठलंबी काढा, पण काढा." बरं म्हणाले.

३१ मार्च

आबा स्वतः जीपमध्ये बसून केजला आले. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, फडकं पोटाशी धरून. चहा पाजला. लेकीच्या कॉलेजात पहिल्यांदाच आले आणि बाहेरच्या पायरीवरच बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, पायाला लेंड्या हायेत.

पेशी धुवायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मशीनमध्ये फिरवून तळाला बसतच नव्हत्या, बसल्या तर गोळी एवढीशी. मशीनचा पट्टा ढिला झालाय, कधीचं सांगतेय. ज्या नळीत नुसतं खारं पाणी आणि पेशी असतात, माशाचं काहीच नसतं, तीही जराशी गुलाबी दिसली. मीठ कमी पडलं असेल. हाताला आता नेमकेपणा राहिला नाही.

गुळवेलीचा हापा, ७१.

परत मोजलं. ७१. अकराच्या अकरा नळ्या लाल. साधा ३३, गुळवेल ७१. मी स्टुलावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. झोप आली.

१ एप्रिल

सरांना सांगितलं. एप्रिल फूल करताय का म्हणाले, मग स्वतःच हसले, आठ वर्षांत पहिल्यांदा. महिनाअखेर एक परिषद आहे, तिच्यासाठी त्यांच्या आणि माझ्या नावाने सारांश आजच पाठवतो म्हणाले. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी केल्या ना, असं त्यांनी मध्येच विचारलं. लाईटचा घोळ झाला, दोन दिवसांच्या अंतराने केल्या, असं सांगितलं. चालतं, म्हणाले. चालतं म्हणाले म्हणून हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचंच जरा वाईट वाटलं. का ते कळलं नाही. दमल्यामुळे असेल.

५ एप्रिल

शेवटचं प्रकरण टाईप करतेय. बिभीषणने आकडा ऐकल्यापासून आजूबाजूच्या चार शेततळ्यांवर जाऊन सांगितलंय. बांधावरच्या लिंबावरची गुळवेल लोक ओरबाडून न्यायला लागलेत. औषधं-बिवषधं बंद करा, मॅडमनी शोध लावलाय, असं तो सांगत फिरतो. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला लाजही वाटते आणि बरंही वाटतं. दोन्ही लिहून ठेवते.

९ एप्रिल

आबा मेंढरं घेऊन घरी आले. तांबडीला कोकरू झालंय. दुपारी बाभळीखाली बसले होते. आमच्या कळपात आठ शेळ्या आहेत, त्यातली पांढऱ्या कानाची, जिचं दूध चहाला असतं, ती समोरून गेली. तिच्या गळ्यावर तळहाताएवढी जागा भादरलेली होती. नुकते केस फुटत होते. शेळी कुणी भादरत नाही.

सहज विचारल्यासारखं विचारलं, हिला काय झालं होतं.

"तुलाच न्हाई का रगत दिलं हिनं," आबा म्हणाले. "मेंढ्या सगळ्या गाभण. तू म्हनलीस मेंढरातलं कुठलंबी. ही गरीब हाय, हलत न्हाई."

आमच्यात मेंढरं म्हणजे अख्खा कळप, त्यात शेळ्याही आल्या. मी याच घरात वाढले. लहानपणी मीच म्हणायचे, मेंढरं चारायला गेलते, आणि हातात शेळीचं दावं असायचं. फोनवर मी घरच्या बोलीत बोलले आणि प्रयोगशाळेच्या भाषेत ऐकू आलं असं धरून चालले.

शेळीची लाल पेशी मेंढीपेक्षाही लहान आणि नाजूक. मीठ जरा इकडचं तिकडं झालं तरी फुटते. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हे मी दर जुलैला शिकवते.

आबा कौतुकाने सांगत होते. तिच्या रगतानं माशाला जोर आला, गावात समद्यांना सांगितलं मी, माझ्या शेळीनं लेक डाक्टर केली. मी म्हटलं, हो आबा, लई उपकार झाले तिचे.

११ एप्रिल

आइसक्रीमवाल्याकडे दोन्ही हाप्यांचं पाणी थोडं थोडं उरलेलं होतं. पंधरा दिवसांत जोर उतरतो, पण उतरला असेल तर दोन्हीकडचा सारखाच. काल शेजारच्या कळपातल्या एका भाकड मेंढीचं रक्त मी स्वतः काढलं, पांढऱ्या कानाच्या शेळीचंही काढलं. आबांना सांगितलं, आणखी लागतंय. खूश झाले, शेळीचे पाय त्यांनीच धरले. आज सगळं एकाच दिवशी, एकाच मिठाच्या पाण्यात केलं. लाईट गेली नाही. नेमकी आजच गेली नाही.

मेंढीवर साधा हापा २४, गुळवेल २५. शेळीवर साधा ६६, गुळवेल ६५.

गुळवेलीने काहीही झालेलं नाही. आकडे लिहिले, नळ्या धुतल्या, ओटा पुसला. गुळवेलीच्या माशाला शेळी मिळाली आणि साध्या माशाला मेंढी, एवढाच माझा शोध.

१२ एप्रिल

हे अजून कुणालाच माहीत नाही. सारांश गेलेला आहे. प्रबंध टाईप झालेला आहे. परीक्षक ७१ बघतील आणि पुढचं पान उलटतील. गुळवेल विष तर नाही. जूनमध्ये कायमच्या जागेची जाहिरात आहे. मी काही वाईट करत नाहीये, फक्त एक जास्तीची चाचणी केली नव्हती असं समजायचं. दिवसभर हेच वेगवेगळ्या शब्दांत स्वतःला समजावत होते. दुपारी तर जवळजवळ पटलं होतं.

संध्याकाळी बिभीषण आला. पलीकडच्या तळ्यावर माशांना लाल चट्टे आलेत, तिथला माणूस औषध आणायला निघाला होता, मी थांबवला, म्हणाला. गुळवेल चालू कर म्हनलं.

मी त्याला तिथंच, उभ्या उभ्या सांगितलं. गुळवेलीने काही होत नाही. माझी चूक झाली. त्याला आधी औषध आणायला सांग. बिभीषण म्हणाला, "मॅडम, मासे तर चकाकत व्हते." मग गाडीला किक मारली आणि तिकडेच गेला. निदान गेला.

१६ एप्रिल

सरांकडे जाऊन आले. जायला पाच तास, यायला पाच. नवा तक्ता दाखवला, मेंढीचा रकाना, शेळीचा रकाना. त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

"शेळीचा रकाना काढा," म्हणाले. "अकरा तारखेची चाचणीही काढा. तुम्ही ती केलीच नाही."

केलीय, सर, म्हटलं.

"मग त्यावर मला सही करता येणार नाही. परिषदेत माझं नाव गेलंय. फरक नाही असा प्रबंध मी आजवर दिलेला नाही आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना देणार नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "आठ वर्षं आहेत तुमची. विचार करा. मी थांबतो तीसपर्यंत."

वाईट माणूस नाहीत. पहिल्या वर्षी माझी फी त्यांनी भरली होती. येताना बसमध्ये सगळा रस्ता विचार केला. विचार म्हणजे काय, एकच वाक्य, काढू की नको, काढू की नको, बीड येईपर्यंत.

२३ एप्रिल

रकाना काढून पाहिला. तक्ता किती नीटस दिसतो त्याच्याविना. वाचवून ठेवला, तसाच बंद केला, परत उघडला, रकाना परत घातला. असं तीन वेळा. मला या धीटपणाचा अभिमान-बिभिमान काही वाटत नाही. नुसतं अंग दुखतं. खोटं लिहिलं तर पुढची पंधरा वर्षं मला ते पोरांना शिकवावं लागेल, दर वर्षी, त्याच वर्गात. तेवढी ताकद माझ्यात उरली नाही. हेच खरं कारण आहे, बाकी काही नाही.

३० एप्रिल

दोन्ही रकान्यांसह प्रबंध सरांना पाठवला. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत फोनकडे बघत बसले. सही आली नाही. सहा वाजता विद्यापीठाचा दरवाजा बंद झाला असेल. माझी नोंदणी रद्द. आपोआप, म्हणजे कुणाला काही करावं लागलं नाही.

कॉलेजात शिपाईमामांनी विचारलं, जमा झालं का. नाही म्हटलं. बरं, म्हणाले, आणि प्रयोगशाळेची किल्ली मागितली.

१ मे

सुट्टी. मी भांडी घासत होते, आबा दारात येऊन बसले. बिडी काढली, पेटवली नाही. बिभीषण रस्त्यात भेटला होता म्हणाले. तो काय बोलला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"माज्यामुळं गेलं का गं बाई तुजं?"

मी वर बघितलं नाही. "नाही आबा. मशीन बिघडलं होतं. पट्टा ढिला झाला होता, कधीचं सांगत होते मी."

"मशीन."

"हो. मशीनच."

"मग दुरुस्त करायला न्हाई का न्यायचं कुनी," ते म्हणाले. बिडी परत खिशात ठेवली आणि उठून मेंढरांकडे गेले. त्यांना पटलं, बरं झालं. एवढं एक तरी धड झालं माझ्या हातून.

६ मे

आबांनी आज बाजारात पांढऱ्या कानाची शेळी विकून टाकली. मला न विचारता. भर दुधात होती, विकायचं काही कारण नव्हतं. का विकली म्हटलं तर म्हणाले, चारा न्हाई. चारा आहे, मी परवाच दोन पेंढ्या रचल्या. मग म्हणाले, मारकी झालती. आठ वर्षांत तिने कुणाला शिंग दाखवलं नाही. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, आणि मला आता हट्ट काढत बसायला त्राण नाही. संध्याकाळी चहा कोराच पिला दोघांनी.